दुसरी वायर

"सर, ती दुसरी वायर लावू नका हां. एकच पुरते," द्वारका म्हणाली.

प्रणय सरांनी मान हलवली. मोबाइलमध्ये बघत हलवलेली मान आमच्या कॉलेजात कुणी होकार म्हणून धरत नाही, पण तिनं धरली.

शांती नगरमधल्या आमच्या खाजगी ज्युनिअर कॉलेजात मी हेडक्लार्क. द्वारका कॉम्प्युटर लॅबची अटेंडंट, एकोणीस वर्षं टेम्पररी. जवळच्याच गोडदेव गावची, बारावी शिकलेली. लॅबला शिक्षक आले, गेले. ती मशीन पुसत राहिली आणि पुसता पुसता सगळं शिकली. प्रणय सर तीन महिन्यांपूर्वी आले, मोठी डिग्री घेऊन. तिला मावशी म्हणायचे. ती चव्वेचाळीसची होती.

त्या दिवशी तपासणी समिती येणार होती. साठ मुलं साठ लॅपटॉपवर एकदम ऑनलाइन परीक्षा देताना त्यांना दाखवायची होती, आणि आमचा वायफायचा डबा पंचविसाव्या मुलालाच धापा टाकायचा. आठवडाभर आधी प्रणय सर म्हणाले होते, नवीन मागवू, महिना लागेल. द्वारकानं भंगारात निघालेला एक सीपीयू उघडला, त्यात तीन वायफाय कार्डं बसवली, लिनक्स टाकलं आणि तिन्ही कार्डं न् लॅबची वायर ब्रिज करून एकत्र जोडली.

"म्हणजे काय केलंस तू?" मी विचारलं होतं.

"भाऊ, माझा बाप दगडू मिठागरात व्हता. खाडीचं पानी एकाच दारातून आत घ्यायचं आन् तीन खान्यांत सोडायचं. खाने तीन, पन पानी एकच. वीस पोरं हितं, वीस तितं, वीस पलीकडं. कार्डं एकमेकांच्या मधी बोलू नयेत म्हनून चॅनल लांब लांब टाकलेत. एक, सहा, अकरा."

मला अर्धंच कळलं. पण साठ लॅपटॉप चालताना डोळ्यांनी पाहिले. ट्रस्टी जितेशभाईंनीही पाहिले. "इन्स्पेक्शन निकल जाने दो द्वारकाबेन, आपको परमनंट कर देंगे," असं ते माझ्यासमोर म्हणाले. पत्र मीच टाइप केलं. फक्त सही राहिली होती.

समिती अकराला आली. परीक्षा सुरू झाली, सगळं सुरळीत चाललं होतं. पण चांगलं चाललेलं आणखी चांगलं करायची खाज काही लोकांना असतेच. मी दाराशी रजिस्टर घेऊन उभा होतो. प्रणय सरांनी सीपीयूच्या मागची दुसरी रिकामी खाच पाहिली, टेबलावरची वायर उचलली, एक टोक तिथं आणि दुसरं, पहिली वायर होती त्याच भिंतीवरच्या नेटवर्क स्विचमध्ये घातलं. स्पीड दुप्पट होईल असं वाटलं असावं. तसं केलं की आतली माहिती घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरत बसते, हे द्वारका त्यांना दोनदा सांगून थकली होती. स्विचचे दिवे पिसाटासारखे लुकलुकायला लागले आणि साठच्या साठ स्क्रीन थिजल्या.

मुलं ओरडली. द्वारका धावली, खाली बसून तिनं ती वायर उपसली. नेमके त्याच वेळी जितेशभाई आत आले.

"ये क्या किया? किसने बोला हाथ लगाने को?"

"मैंने नहीं लगाया शेठ. मैंने तो निकाला. सर ने लगाया."

"प्रणय सर?"

"पता नहीं. मैं बच्चों को देख रहा था," प्रणय सर बुटांकडे बघत म्हणाले.

मग ती माझ्याकडे वळली. "ईश्वरभाऊ, तुमी तर तितंच व्हते. सांगा ना."

मी होतो. मी सगळं पाहिलं होतं. पण निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि प्रणय सर जितेशभाईंनी स्वतः निवडून आणलेले.

"माझं लक्ष रजिस्टरमध्ये होतं," मी म्हणालो. लाज वाटली. अजून वाटते, पण द्वारकाला त्या लाजेचा काय उपयोग?

चार मिनिटांत तिनं सगळं पुन्हा चालू केलं. परीक्षा पार पडली. जाताना समितीनं व्यवस्थेचं कौतुक केलं आणि प्रणय सरांशी हात मिळवला.

दुपारी जितेशभाईंनी ते पत्र मागून घेतलं आणि फाडलं. निरोप मलाच द्यायला लावला. उद्यापासून द्वारकानं लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही, खाली झेरॉक्सला बसायचं. आणि जायच्या आधी त्या सीपीयूचं सगळं वहीत लिहून प्रणय सरांना द्यायचं.

मला वाटलं, ती शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती खाली मान घालून लिहीत राहिली.

पाच वाजता तिनं वही माझ्यापुढं ठेवली. "वाचा. काय चुकलं आसंल तर सांगा."

कुठलं कार्ड तापतं, बंद पडलं तर आधी काय बघायचं, पासवर्ड कसा बदलायचा, सगळं ओळीनं, गोल अक्षरात. काहीही हातचं राखलं नव्हतं.

"खाली नाव तरी घाल तुझं," मी म्हणालो.

"नाव कशाला, भाऊ?" पर्स खांद्याला अडकवत ती म्हणाली. "मी काय केलं ते सांगनारे तुमीच एक व्हते."

ती जिना उतरून गेली. मी वही उचलली आणि प्रणय सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.