कामाक्षीच्या नावेचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी नाव आहे आणि मी मराठी बोलते, याचं तुम्हाला नवल वाटेल. माझा जन्म चेन्नईच्या दक्षिणेला, समुद्राच्या रस्त्यालगतच्या एका कोळीवाड्यात झाला. तिथे सगळे तमिळ बोलतात. मराठी मला एका बाईमुळे आली आणि त्याच बाईने मला फसवलं. म्हणून ही हकीकत मी तिच्याच भाषेत सांगणार आहे.

मला मुनुसामी नावाच्या कोळ्याने बांधलं. फणसाच्या फळ्या त्याने स्वतः निवडल्या, फटींत काथ्या ठासला आणि काजूच्या टरफलांचं काळं तेल मला पाजलं. त्या तेलाचा वास कितीतरी दिवस माझ्या अंगाला होता. त्याची मुलगी कामाक्षी माझ्यात बसूनच वल्हं मारायला शिकली. आमच्या वाड्यात बायका सहसा नावेत बसत नाहीत, पण मुनुसामीला मुलगा नव्हता आणि लोकांच्या बोलण्याची त्याला पर्वाही नव्हती.

आमची खाडी मोठी आहे. तिच्या मधोमध तिवरांचं एक बेट आहे. आमच्याकडे पावसाळा दिवाळीच्या सुमारास लागतो. तो लागला की तिथे बगळे आणि रातबगळे घरटी बांधतात. ते दिवस आले की मुनुसामी बेटाकडे जाळं टाकत नसे. त्याला कोणी मना केलं नव्हतं. तो म्हणायचा, "त्यांच्या घरी बाळंतपण आहे. आपण कशाला जायचं?"

मुनुसामी गेला. खाडीतली मासळीही कमी होत गेली. कामाक्षीच्या नवऱ्याने जाळं गुंडाळून ठेवलं आणि ओरगडमच्या ट्रक कारखान्यात नोकरी धरली. मी वाळूत पालथी पडले. माझ्या सावलीला शेळ्या बसत, पोरं माझ्या पाठीवरून घसरगुंडी खेळत. आता असंच कुजून जायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तेव्हा कनका आली.

ती सिरुसेरीच्या एका मोठ्या संगणक कंपनीत कामाला होती. तिचं घर तंजावरकडचं, मराठी बोलणारं. तिचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आले आणि इथलेच झाले. बाहेर ती तमिळ बोलायची, घरच्यांशी मात्र ती जुनी, वळणदार मराठी. सुट्टीच्या दिवशी ती दुर्बीण घेऊन पुलावर उभी राहायची. एकदा ती वाळूवर उतरून आली आणि तिने कामाक्षीला विचारलं, "अक्का, ही नाव पाण्यात जाईल का?"

कामाक्षी म्हणाली, "नाव पाण्यातच जाते. तुम्हाला पोहता येतं का, ते आधी सांगा."

दोघी हसल्या. अक्का हा शब्द दोघींच्याही भाषेत एकच आहे. तिथून त्यांची मैत्री जमली.

मला सरळ केलं, नवा काथ्या भरला, तेल चढवलं. पुढे कनकाने नोकरी सोडली आणि दोघींनी मिळून पाहुण्यांना खाडी दाखवायला सुरुवात केली. त्यांचे नियम माझ्याच फळीवर बसून ठरले. नाव वल्ह्यानेच चालेल, मोटर लावायची नाही. माझ्यात मावतील तेवढीच माणसं घ्यायची आणि आणखी कोणी आलं तर त्यांना दुसऱ्या दिवशी बोलवायचं. पाहुण्यांचं जेवण कोळीवाड्यातल्याच एखाद्या घरी, म्हणजे चार बायकांच्या चुली चालतील. प्लॅस्टिकची बाटली ज्याने आणली त्याने परत न्यायची. आणि बेटावर घरटी असतील त्या दिवसांत फेऱ्या बंद.

शेवटचा नियम अवघड होता, कारण शहरातले लोक थंडीच्या त्या सुखाच्या दिवसांतच फिरायला निघतात. पण कनकाच म्हणाली, "अक्का, हा एक नियम मोडला तर बाकीचे ठेवून काय उपयोग?" मला तिचा फार अभिमान वाटला होता.

ती वर्षं फार चांगली गेली. चेन्नईचे, बेंगळुरूचे, अगदी पुण्या-मुंबईचेही पाहुणे यायचे. त्यांच्याकडून मी तुमची आजची मराठी शिकले. एकदा एका पाहुण्याने मोठ्याने गाणी लावली. कामाक्षीने वल्ही मांडीवर आडवी ठेवली. भर खाडीत आम्ही नुसते तरंगत राहिलो. थोड्या वेळाने त्या गृहस्थांनीच गाणी बंद केली आणि हळू आवाजात विचारलं, "तो लांब चोचीचा पक्षी कोणता?" परतल्यावर त्यांनी कामाक्षीच्या हातची आंबट रश्श्यातली मासळी दोनदा मागून घेतली.

माझ्यात साचलेलं पाणी उपसताना कनका माझ्याशी मराठीत बोलायची. "पोरी, तुझं पोट पुन्हा गळतंय. कसाला रुसतेस?" आईशी फोनवर बोलायची तीही माझ्यातच बसून. कामाक्षीला त्यातलं काही कळत नसे. मला सगळं कळायचं. आपल्याला ही जास्तीची भाषा येते, याचा मला तेव्हा तोरा होता.

पुढे खाडीच्या तोंडाशी एक रिसॉर्ट उभं राहिलं. कनकाचा मावसभाऊ वेंकट तिथे मॅनेजर होता. तो गोड बोलणारा, हसतमुख माणूस होता. त्याने कनकाला सांगितलं, "तू सहा माणसांना शिकवतेस. आमच्याकडे हजारो येतात. तुझे नियम आम्हाला दे, आम्ही ते अख्ख्या खाडीला लावू." कनका भारावून गेली. खरं सांगायचं तर ती थकलीही होती. सुट्टीच्या दिवशी दहा जणांना नाही म्हणायचं आणि एकाला हो म्हणायचं, हे काम सोपं नसतं. ती रिसॉर्टची सल्लागार झाली. कामाक्षी बिचकत होती, पण कनकावर तिचा विश्वास होता.

रिसॉर्टच्या दाराशी एक भला मोठा फलक लागला. त्यावर हातात वल्हं घेतलेली कामाक्षी होती आणि तिच्या पायाशी मी. खाली लिहिलं होतं, 'निसर्गाला न दुखावणारं पर्यटन.' कामाक्षीचा नवरा कारखान्याच्या बसमधून जाताना तो फलक बघायचा आणि घरी येऊन तिला चिडवायचा. तिला ते आवडायचं.

मग रिसॉर्टला निसर्ग जपणाऱ्यांना मिळणारं हिरवं प्रमाणपत्र हवं झालं. ते देणाऱ्या संस्थेची माणसं पाहणीला यायची होती आणि ती नेमकी मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, घरटी भरलेली असताना. कामाक्षी म्हणाली, "आता नको. पिल्लं निघालीत."

"लांबूनच दाखवू, अक्का," कनका म्हणाली. "ह्यांनी शिक्का दिला की खाडीत कधीच कोणाची मोटर चालणार नाही. एकदाच."

कामाक्षीने शेवटी होकारार्थी मान हलवली.

पाहणीच्या सकाळी मी रिसॉर्टच्या धक्क्याला लागले, तेव्हा मागच्या शेडजवळ ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं दिसलं. कामाक्षीने विचारलं, "ते काय आहे?"

"बांधकामाचं सामान असेल," कनका म्हणाली.

पाहुणे यायला अवकाश होता. आम्ही तिघीच होतो. कनकाचा फोन वाजला. वेंकट होता. ती माझ्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तोंड करून मराठीत बोलू लागली. "हो रे वेंकट, मोटरा झाकल्यात, मी पाहिल्या. ही माणसं गेली की उद्या काढा. आज आवाज नको. नाही, तिज काही सांगू नको. कामाक्षीला कळलं तर ती वल्हं टाकून घरी जाईल. मी नंतर समजावते तिला."

आपलं नाव ऐकून कामाक्षीने विचारलं, "वेंकट काय म्हणतोय?"

"काही नाही, अक्का. तुम्ही जेवलात का, विचारतोय."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर. एखादी फळी फोडून बुडून जावं, असंही मला वाटलं. पण नाव आपल्या मर्जीने बुडत नाही. पाहुणे आले, बसले. कामाक्षी त्यांना लांबून बेट दाखवत होती. कनका एकेक नियम समजावून सांगत होती आणि तिचा आवाज जराही कापत नव्हता. एका पाहुण्या बाईंनी कामाक्षीला विचारलं, "इथे मोटरबोटी येतात का?" कामाक्षीने अभिमानाने उत्तर दिलं, "आमच्या खाडीत नाही." तिच्या तोंडून खोटं बोलवून घेतलं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या संध्याकाळी कनकाने मला डागडुजीसाठी रिसॉर्टच्या शेडमध्ये ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाक्षी तेलाचा डबा घेऊन माझ्याकडे आली आणि तिच्यासमोरच ताडपत्री निघाली. चकचकीत मोटरबोटी एकामागून एक पाण्यात उतरल्या. त्यांचा आवाज उठला तसा बेटावरून पांढऱ्या पाखरांचा लोट वर गेला.

कनका धावत आली. "अक्का, ऐकून घ्या. फक्त या मोसमापुरतं आहे. रिसॉर्टचा जम बसला की आपले नियम लागणारच."

कामाक्षी म्हणाली, "पाखरं मोसमापुरतीच येतात, कनका."

"मी आत राहिले तर काहीतरी थांबवू शकेन. बाहेरून काय करता येणार?"

"काल तुला माहीत होतं?"

कनकाने हातातला फोन पाठीमागे घेतला.

"माझ्यासमोर बोललीस. तुझ्या भाषेत." कामाक्षीने डबा खाली ठेवला. "आता मला अक्का म्हणू नको."

पुढचं मी शेडच्या दारातून पाहिलं. बोटी बेटाला वळसे घालत, लाटा तिवरांच्या मुळांवर आदळत. मोठी पाखरं घरट्यांवर टिकेनात, आणि ती उठली की कावळे उतरत. न फुटलेली अंडी, पंख न आलेली पिल्लं, काही राहिलं नाही. पर्यटक मात्र खूश होते. एवढी पाखरं एकदम उडताना त्यांनी कधी पाहिली नव्हती.

कामाक्षीने वेंकटला भेटून आपलं चित्र काढायला सांगितलं. तो हसून म्हणाला, "अहो अक्का, किती छान दिसता त्यात. राहू द्या." ती घरी गेली आणि नावेच्या तळाला लावायचं डांबर तापवून घेऊन आली. भर दुपारी, गाड्या येत-जात असताना, शिडी लावून तिने फलकावरचा स्वतःचा चेहरा डांबराने पुसून टाकला. रखवालदार वाड्यातलाच होता. त्याने शिडी धरली. त्याची नोकरी त्याच संध्याकाळी गेली.

फलक उतरला. बोटी राहिल्या. प्रमाणपत्रही आलं आणि स्वागतकक्षात काचेत लागलं.

मला न्यायला कोळीवाड्यातली माणसं आली, पण तोवर उशीर झाला होता. मला जेवणघरात मांडायला रिसॉर्टच्या सुताराने माझी मागची बाजू करवतीने कापली होती, कारण मी भिंतीला नीट टेकत नव्हते. आता मी जेवणघरात आहे. माझ्या पोटात बर्फ भरतात आणि त्यावर काकडी, टोमॅटो, अननसाचे काप मांडतात. बाजूच्या पाटीवर लिहिलंय की मी इथल्या परंपरेचं प्रतीक आहे. मुलं माझ्यासोबत फोटो काढतात. पुढल्या थंडीत पाखरं आलीच नाहीत, तेव्हा रिसॉर्टने बागेत सिमेंटचे बगळे उभे केले.

कनका एकदाच आली. ती तेव्हा पुन्हा सिरुसेरीच्या नोकरीत लागली होती. जेवणघर रिकामं होतं. तिने माझ्या काठावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाली, "मज वाटलं होतं, मी सांभाळीन अस्की." तिच्या बोलीत अस्की म्हणजे सगळं. मग ती रडली. मला तिची कीव आली, पण मी तिला माफ केलेलं नाही. ज्या भाषेत तिने कामाक्षीपासून लपवलं, त्याच भाषेत ती माझ्याजवळ रडत होती. कामाक्षीकडे जाऊन तमिळमध्ये दोन शब्द बोलायचं धाडस तिचं झालं नाही.

मित्रांनो, तुम्ही फिरायला जरूर जा. खाडी बघा, डोंगर बघा, दुसऱ्याच्या घरचं जेवण चाखा. पण हिरव्या रंगाची पाटी पाहून भुलू नका. तुम्ही निघून गेल्यावर तिथे जे राहणार आहेत, त्यांना विचारा: आम्ही आलो तर चालेल का, कधी आलो तर चालेल, कसं आलो तर चालेल? आणि त्यांनी आता नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका.

स्वयंपाकघरातल्या पोरींकडून मला कामाक्षीची खबर मिळते. पावसाळा लागला की ती रोज सकाळी मुख्य रस्त्याच्या वळणावर स्टूल टाकून बसते. रिसॉर्टकडे येणारी गाडी दिसली की हात करते आणि सांगते, "हे पाखरांचे दिवस आहेत. उन्हाळ्यात या, मी स्वतः जेवायला वाढीन." बहुतेक गाड्या काच वर करून पुढे निघून जातात. कधीतरी एखादी माघारी वळते म्हणे.

ती तुमची असू दे.