उपरण्याखालचा भाव

बैलबाजाराचं ॲप करायला माझ्या भावानं, कुलदीपनं, घरचीच बैलजोडी विकली. एवढी अक्कल पुण्यात चार वर्षं इंजिनिअरिंग केल्याशिवाय येत नाही. ॲप होतं एका बड्या कंपनीच्या महागड्या फोनसाठी, आणि ते बनतं फक्त त्याच कंपनीच्या कंप्युटरवर. बैलांचे पैसे त्या कंप्युटरात गेले. त्याच फोनसाठी का? तर ॲपचं उद्घाटन करायला तयार झालेल्या आमच्या पुढाऱ्याच्या, हिंमतरावांच्या खिशात तो होता. आमच्या वाशी गावच्या अख्ख्या बैलबाजारात दुसऱ्या कुणाकडं नव्हता. हे मी बोलले, तर कुलदीप म्हणाला, "वैष्णवे, तुला यातलं काय कळतंय?"

आमच्याकडं बैलाचा सौदा उपरण्याखाली होतो. दोघं एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. कुलदीपनं ॲपात तेच बसवलं. पडद्यावर उपरणं, खाली भाव, आणि तो फक्त त्या दोघांना दिसायचा. खोटं कशाला बोलू, झकास जमलं होतं.

ॲप फोनवर यायला कंपनीची मंजुरी लागते. कंपनीनं ते नाकारलं. 'ॲपमध्ये लपवाछपवी आढळली.' कुलदीपनं विचारलं, कुठं? 'सांगता येत नाही.' तपासलं कुणी? तेही सांगता येत नाही.

आमचे वडील, आबा, ऐकत होते. म्हणाले, "आमच्या उपरण्याखाली समोरच्याचा हात तर लागतो रं. ह्येंच्या खाली कोण हाय?"

सहाव्या खेपेला कुलदीपनं उपरणंच काढलं. भाव उघडा टाकला. दुसऱ्याच दिवशी मंजुरी, वर अभिनंदन.

बाजारादिवशी हिंमतरावांनी फोन उंच धरला, फोटो काढून घेतले आणि व्यापाऱ्यांना म्हणाले, "टाका की कुणीतरी भाव."

"समद्यांदेखत?" एक म्हातारा व्यापारी हसला. "येड लागलं का सायेब?"

सगळा बाजार हसला. कुलदीप मान खाली घालून उभा होता. इतके दिवस मला त्याचा राग यायचा, त्या दिवशी मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

पुढच्या बाजारी आबांनी कंप्युटर पिशवीत घातला. त्याच हसणाऱ्या म्हाताऱ्याची नात कॉलेजात जाते, तिला कंप्युटर हवा होता. आबांनी त्याच्या हातावर उपरणं टाकलं आणि येताना बैल घेऊन आले. एकच.

"आबा, दुसरा कुठंय?" कुलदीपनं विचारलं.

आबांनी दावं खुंट्याला बांधलं. "जूच्या दुसऱ्या अंगाला तू हायस की."