देवदूत आमच्या घरातला

"हरलो तर रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर आडवा होईन! तू माझ्या छातीवर पाय ठेवून उभा राहा, सगळ्यांसमोर!" बेकरीच्या काउंटरवर मूठ आपटून मी म्हणालो. आधी समोरच्याचं वजन बघायला हवं होतं. बेकरीवाल्याला अख्खी गल्ली 'गोणी' म्हणते, ती काही प्रेमानं नाही. मैद्याची गोणी आणि तो शेजारी उभे राहिले तर गिऱ्हाईक गोणीकडेच पैसे देईल.

"आणि मी हरलो तर?" गोणीनं विचारलं.

"तर तू आडवा, मी उभा."

"तू उभा राहिलास तर मला कळणार पण नाही. लागली पैज."

पैज कशावर, ते सांगतो. आमचं चर्च जुनं. इतकं जुनं की बांधताना दोन मनोरे ठरले होते, पण एक होईस्तोवर लोकांचा उत्साह आटला, आणि दुसऱ्याच्या जागी आता कबुतरं बसतात. आत डावीकडच्या वेदीवर एक लाकडी देवदूत आहे. हातात भाला, पायाखाली खडक. मेणबत्त्यांच्या काजळीनं देवदूत काय नि खडक काय, दोन्ही तव्याच्या बुडासारखे काळे.

तर हा देवदूत म्हणजे माझे खापरपणजोबा. असं आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगतात. मूर्ती कोरणारा कारागीर म्हणे आमच्याच घरी उतरला होता. खापरपणजोबा एक नंबरचे मस्करीखोर. त्याच्या छिन्न्या लपवायचे, सरसाच्या भांड्यात वाळू टाकायचे, तो वर चढला की खालून शिडी पळवायचे. कारागिराला ही मस्करी इतकी आवडली, इतकी आवडली, की त्यानं त्यांचाच चेहरा देवदूताला दिला.

आता ही गोष्ट ऐकून कुठल्याही शहाण्या माणसाच्या मनात शंका येईल. आमच्या घरात शहाणं माणूस झालंच नाही, त्याला कोण काय करणार? माझी हयात लोकांची अडकलेली कुलुपं उघडण्यात गेली, पण घरच्या या गोष्टीला कधी किल्ली लावून बघितली नाही.

माझं जाऊ दे. खरा जीव आईचा अडकला होता. बाबांच्या स्थळाला तिनं होकार दिला तो या देवदूताकडे बघून. बाबांकडे बघून देण्यासारखं काही नव्हतं, हे तीच सांगते. बाबा गेल्यापासून दर रविवारी ती देवदूतासमोरच्या बाकावर बसते, त्या खडकावर मेणबत्ती लावते, आणि शेजारी कुणी नवखं दिसलं की कोपरानं ढोसून म्हणते, "आमच्यातले आहेत."

यंदा फादरांनी वेदी साफ करायला काढली. जुन्या मूर्तींचं काम करणाऱ्या एक बाई आल्या. काजळी निघणार म्हणजे नाक दिसणार. आमच्या घराण्याचं नाक लपत नाही. निघतं सरळ, आणि टोकाला येऊन डावीकडे वळतं, कुणी हाक मारल्यासारखं. देवदूताला ते नाक असेल तर मी जिंकलो, नसेल तर गोणी.

बाई परांचीवर बसून काडीला कापूस गुंडाळून हळूहळू पुसत होत्या. खाली मी आणि गोणी, माना वर करून. कपाळ निघालं. भुवया निघाल्या. नाक निघालं.

सरळ. फूटपट्टी लावून काढल्यासारखं.

"झिजलं असेल," मी म्हणालो.

"रविवारी तू झिजशील," गोणी म्हणाला आणि बूट दाखवला.

मी काहीतरी फाटे फोडणार, तेवढ्यात बाई खालच्या बाजूला वळल्या. "अहो काका, हा खडक नाहीये." कापूस फिरला. एक कान आला. मग शिंग. मग वेदनेनं वाकडं झालेलं तोंड, आणि त्याच्या वर ते नाक. टोकाला डावीकडे वळलेलं. बाईंनी नाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत नाकाकडे बघितलं, आणि तोंडावर हात ठेवला.

सैतान! देवदूताच्या पायाखाली चेंगरलेला. कारागिराला मस्करी किती आवडली होती, ते एकदाचं कळलं. आणि आम्ही भाविक माणसं, खडक समजून त्याच्याच टाळक्यावर मेणबत्त्या लावत बसलो. खापरपणजोबांच्या तोंडाला काळं फासलं ते आम्हीच, हात जोडून.

गोणी बाकावर बसून हसत होता. बाक रडत होता.

"बाई, त्या नाकाला जरा पुट्टी भरून सरळ नाही का करता येणार?"

"मी साफसफाई करते, काका. प्लास्टिक सर्जरी नाही."

"अहो, रविवारी आई येईल. तिला काय सांगू?"

गोणी हसायचा थांबला. त्याच्या बेकरीच्या घंटीत मी कापूस कोंबला होता, तेव्हा सुद्धा त्याचा चेहरा इतका पडला नव्हता. "पैज राहू दे रे," तो म्हणाला. "चादर टाकू वरून. काम चालू आहे म्हणू."

"तिला? ती चादर धुवायला घेऊन जाईल."

रविवारी आई आली. बाकावर बसलीच नाही. मेणबत्ती हातात घेऊन त्या तोंडासमोर उभी राहिली. चर्चमध्ये सगळे उठले, बसले, गुडघे टेकले, ती तशीच. मिस्सा संपल्यावर तिनं बोटानं ते नाक चाचपलं.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला कळत नव्हतं, देवदूताच्या घरात असली कार्टी कशी निपजतात." मग माझ्याकडे वळली. "पैज कोण हरलं?"

"मी. पण गोणी म्हणतो, राहू दे..."

"राहू दे काय? आपल्यात लोकांना टोप्या घालतात, शब्द मोडत नाहीत. हो आडवा."

झालो. पायरीवर, सगळ्या बायाबापड्यांसमोर. गोणीनं भट्टीतलं लांब दांड्याचं फावडं भाल्यासारखं धरलं आणि छातीवर पाय ठेवला. अगदी अलगद ठेवला, तरी माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून दुसऱ्या मनोऱ्याच्या जागची कबुतरं उडाली. फादर दारात खांद्यातल्या खांद्यात हसत होते. लोक फोन काढून फोटो घेत होते.

आईनं शेजारच्या अनोळखी बाईला कोपरानं ढोसलं आणि खाली माझ्याकडे बोट दाखवलं. "आमच्यातला आहे."

मग वाकून तिनं पेटलेली मेणबत्ती माझ्या कपाळाकडे आणली.

"आई, अगं गरम..."

"हलू नकोस," ती म्हणाली. "ते हलले होते का?"