मॅग्नेटसरांचं कडं

तळेगाव ढमढेरेच्या आठवडे बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा जास्त गर्दी एका पांढऱ्या कोटाभोवती होती. कोटातला इसम स्वतःला 'मॅग्नेटसर' म्हणवत होता. कांद्याची पोती एकट्यानं चढवणारे हौसराव हात आडवा धरून उभे होते. सरांनी दोन बोटांनी दाबलं, हात खाली! मग मनगटात चुंबकाचं कडं अडकवून पुन्हा दाबलं. हात तसूभर हलला नाही.

"देव न्हाई, अंगारा न्हाई, प्युअर सायन्स हाय!" सर गरजले. "कंप्युटरचा करंट मनगटात साचतो, कडं तो वढून घेतं. इचारा हिला!"

'ही' म्हणजे माझी भाची गौतमी. इथल्याच एका दुकानात दिवसभर ऑनलाइन फॉर्म भरते. कोर्टातल्या लिपिकाच्या जागेची लेखी परीक्षा ती पास झाली होती, टायपिंगची चाचणी तेवढी उरली होती.

"व्हय," गौतमी म्हणाली, "रातीला हात लई ठणकायचा, मुंग्या यायच्या. चार म्हैन्यांमागं कडं घातलं आन् ठणका गेला."

टाळ्या पडल्या. शेजारी तिची आई, माझी धाकटी बहीण सोजरबाई, कौतुकानं बघत होती. हिच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशिवाय काही नाही. अंगात येणाऱ्या बाईला हिनं उंबऱ्यावरून परत धाडलेलं मी पाहिलंय.

"सोजर, तूसुद्धा?"

"दादा, ह्यो काय बुवा हाय व्हय? सायन्स म्हनतोय की!"

बुवाला आम्ही दार लावलं, तर तो कोट घालून खिडकीतून आला. मी विज्ञानाचा मास्तर, माझं डोकं फिरलं. पुढं झालो.

"हौसराव, कडं असू द्या. हात धरा." मी त्यांच्या पंजावर दाबलं. हात खाली. मग कडं काढायला लावून दंडावर दाबलं. हात हलेना.

"कड्याशिवाय सर पंजावर दाबतात, कडं घातलं की दंडावर. बिजागरीपाशी दार ढकलून बघा, हलतंय का! कड्याचा संबंधच नाही."

लोक हसले. सर पेटी आवरत पुटपुटले, "ज्याचा इश्वास न्हाई, त्याला गुण न्हाई."

"सायन्सला विश्वास कधीपासून लागायला लागला?"

हौसरावांनी मात्र कडं पुन्हा चढवलं. "ऱ्हाऊ द्या मास्तर. तोटा तर न्हाई ना?"

तोटा गौतमीच्या दुकानात दिसला. किराणाच्या जुन्या उंच काउंटरवर कीबोर्ड, त्याचे मागचे पाय उभे केलेले. त्यानं मनगट सदा वर मोडलेलं. माउस पार लांब. मी तिला शिरूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात तपासून सांगितलं, "अशा वाकड्या मनगटात नस चेपते. ठणका म्हणजे ती ओरडत होती. तो थांबला, कारण नस बधिर होत चाललीय. कड्यात गेले ते महिने मोलाचे होते. ऑपरेशन करू, पण किती परत येईल ते सांगता येणार नाही."

ओरडणारी गप्प झाली, आणि आम्ही त्याला गुण आला म्हणालो.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत मी पुण्याहून मनगट सरळ ठेवणारा, दोन भागांचा कीबोर्ड आणला, आणि हात उभा ठेवणारा माउस. माउस तिच्या पंजाला मोठा झाला. परत जाऊन, तिलाच धरून बघायला लावून लहान घेतला. टेबल कोपराच्या उंचीला आणलं. कीबोर्डचे पाय मिटले. हे सगळं पहिल्या मुंग्या आल्या तेव्हाच करायला हवं होतं.

"बरं वाटतंय?"

"मनगट मोकळं हाय मामा. पन बटन लागलं का न्हाई, त्येच कळत न्हाई. अक्षरं सुटत्यात. टायपिंगच्या चाचनीला कशी बसू?"

डॉक्टरीणबाईंनी दाखवलेली तपासणी मी घरी केली. गौतमीनं डोळे मिटून हात पुढं केला. मी तिच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर कापूस फिरवला.

"लावा की मामा," ती म्हणाली.

कापूस बोटावरच होता. सोजरबाई उठून आत गेली.

पुढच्या आठवड्यात सर यवतच्या बाजारात बसले म्हणे. तुमच्या गावात आले तर माझं एवढं ऐका. त्यांना दोन्ही वेळा हात एकाच जागी दाबायला सांगा. आणि तुमच्या घरात कुणाचा हात ठणकत असेल, तर तो ओरडतोय तोवर डॉक्टरला दाखवा.