डावा सोल

बूटवाल्याला माणसं चेहऱ्याने लक्षात राहत नसत, सोलने राहत. कोण रेंगाळतो, कोण घाई करतो, हे झिजलेल्या टाचा त्याला सांगत. म्हणूनच लेकीच्या चपला पुढून घासलेल्या दिसल्या, तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली. पोरगी रोज कुठेतरी धावत जात होती.

"स्पॅनिशच्या वर्गाला, बाबा."

"आता हे स्पॅनिश कशाला?"

"असंच." हे म्हणताना तिने नजर चुकवली. बायको गेल्यापासून घरात उरलेलं हे एकच माणूस, आणि तेही लपवालपवी करतंय म्हटल्यावर त्याला राहवेना.

ती आंघोळीला गेल्यावर त्याने तिची वही उघडलीच. स्पॅनिश वाक्यं होती, खाली अर्थ होता. वर बाईंनी दिलेला अभ्यास: हसत, धावत, रडत अशी रूपं वापरून एखादा माणूस कामं कशी करतो ते लिहा.

'तो गुणगुणत काम करतो. हसू दाबत रागावतो. डावा पाय ओढत चालतो. मी त्याला चोरून बघते.'

चोरून! त्याचं डोकंच फिरलं. पुढचा आठवडाभर दुकानात आलेल्या प्रत्येक पुरुषाचा डावा बूट त्याने उलटा करून पाहिला. कंपाउंडर निर्दोष सुटला. पोस्टमनचा डावा सोल जरा जास्त झिजलेला निघाला, तर त्या भल्या माणसाला त्याने तोंडावर विचारलं, "लग्न झालंय का?" पोस्टमनला तीन नातवंडं होती.

शनिवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. खिळा टोचत होता म्हणून त्याने स्वतःचा बूट काढला. जगाचे बूट दुरुस्त करणाऱ्याने आपले कधी पाहिलेच नव्हते. डावा सोल झिजून कागदासारखा झाला होता.

बूट पुन्हा घालून तो दोन पावलं चालला; डावा पाय ओढला जात होता. मग दुकान बंद करून घरी गेला आणि त्याने वहीचं शेवटचं पान उघडलं. अभ्यास होता: तुम्हाला जड जाणारी गोष्ट तुम्ही कशी कराल?

'परदेशात नोकरी मिळाली, हे मी बाबांना जवळ बसून सांगेन. हसत निघेन. मागे बघत निघाले, तर जाणंच व्हायचं नाही.'

त्याला स्वतःची लाज वाटली, आणि मग रडूच आलं.

संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा तो दाराशी बसून तिच्या बुटांना नवे सोल ठोकत होता.

"हे काय, बाबा? हे तर चांगले होते."

"लांबच्या वाटेला पुरले नसते," हातोडी न थांबवता तो म्हणाला. "ये, जवळ बस. आणि सांग आता."