फितीवरचे तीन मिलिमीटर

मुलांचे दंड मोजायच्या रंगीत फितीच्या खिडकीत हिरव्याची बारीकशी कड दिसत होती – बारा पूर्णांक सहा सेंटिमीटर. केनेइल्वेने फीत सोडली, पुन्हा लावली, कारण दोनदा मोजायचं असं शिकवलं होतं, आणि कारण हा दंड लहानग्या पेओचा होता, जिच्या घरी ती आठ महिने जेवत होती... पुन्हा बारा-सहा. साडेबाराच्या खाली पिवळा; पिवळा आला की घरी सरकारी ज्वारी-सोयाचं पीठ मिळायचं. मागच्या महिन्यात बारा-नऊ होतं.

“जरा ओढ की गं,” पेओची आई कानाशी पुटपुटली.

“सिस्टर परत मोजतात, ताई.”

“सगळ्यांचं कुठं मोजतात! तू तर सरकारची लाडकी.”

ओढणं सोपं होतं. कातडीखालचं मऊ दबतं, आकडा उतरतो. पण अशा रेषा केनेइल्वेला ठाऊक होत्या – दोन वर्षं बेकार, घरात कमावतं कुणी नाही, या रेषेखाली नाव आलं म्हणून तिला सक्तीच्या सरकारी सेवेत घातलं, लोबात्से शहरातून या वाळूतल्या गावात आणून सोडलं. वर्ष भरलं की दाखला. दाखल्याशिवाय काम नाही, आणि खोट्या नोंदीला दाखला नाही. चार महिने राहिले होते.

तिने १२.६ लिहिलं. हिरवा.

“बरं,” पेओची आई म्हणाली. पोरीला पाठीवर बांधताना तिने गाठ जरा जास्तच ओढली. “दुपारी वेळेवर ये. आई तुझ्यासाठी मांस काढून ठेवते, तू आल्याशिवाय भांड्याला हात लावू देत नाही कुणाला.”

आधी पाहुणी, मग घर, हा तिथला नियम. पहिल्या संध्याकाळी पेओच्या म्हाताऱ्या आजीने लापशीवर मांस रचून ताट पुढे केलं होतं, आईच्या मांडीवरून पेओ बघत होती... केनेइल्वे तेव्हा खरंच भुकेली होती. पुढे एकदा तिने अर्धं परत सारलं, तेव्हा म्हातारी दुखावून म्हणाली होती, “आमच्या हातचं गोड लागत नाही का, पोरी?” तेव्हापासून ती ताट पुसून खात होती. शिष्टाचार म्हणून... की आवडायचं म्हणून?

बाकावर पुढची बाई पोराची बटणं काढत होती. केनेइल्वेने फीत स्वतःच्या दंडाला गुंडाळली. सेवेत भरती होतानाच्या तपासणीत तो साडेतेवीस भरला होता. डॉक्टर म्हणाले होते, सुकली आहेस. आता चोवीस-चार.

तिचे नऊ मिलिमीटर वाढले. पेओचे तीन घटले. एका दंडाचं दुसऱ्यातून वजा करता येत नाही, हे तिला कळत होतं – मधे जुलाब असतील, ताप असेल, महिनाच तसा असेल. तरी ती वजाबाकी डोक्यातून जाईना.

“मोजतेस ना, बाई?” पुढची म्हणाली.

“हो.” तिने फीत सोडली. कातडीवर उठलेला वळ तिने बाहीखाली झाकला. दुपारचं ताट दिसू लागलं होतं, आणि भूक – आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला त्या भुकेची लाज वाटली – भूक लागलेलीच होती.