न खायचं डाळिंब

आमच्या ह्यांनी दारात डाळिंब लावलं, तेही शोभेचं. कमरेएवढं झाड, लाल फुलं, लिंबाएवढी फळं, आणि दाणा तोंडात टाकला तर तोंड वाकडं. "न खायचं डाळिंब लावणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला," हे मी बावीस वर्षं ऐकवलं. मग ऐकणारा गेला. मुलानं घर विकलं आणि मला त्याच्या चौथ्या मजल्यावर न्यायचं ठरलं.

सूनबाई वाईट नाही, मोजकं बोलते. म्हणाली, "आई, सामान निम्मं करा. जागा नाही." मी कपाट सोडलं, पलंग सोडला, मोठी पातेली वाटून टाकली. पण डाळिंब येणार म्हणजे येणार.

माळ्याला बोलावलं. तो झाडाभोवती एक चक्कर मारून आला. "काकू, काढताना मुळं निम्मी तुटणार. मग वरूनही निम्मं छाटायला लागेल. फुलं तर सगळीच."

"हजामत करायला नाही बोलावलं तुम्हाला."

"उरलेली मुळं एवढ्या पानांना पाणी पुरवणार कशी?"

"मी एकटीनं सात ताटं वाढत आले. पुरवेल तेही."

तो हसला आणि त्यानं कात्री पिशवीत टाकली. खरं सांगते, मला ते फुलांसकट न्यायचं होतं. सूनबाईच्या शेजारणींना दिसू दे, म्हातारी रिकाम्या हातानं आली नाही. माळ्यानं गोल चर खणला, मातीचा गड्डा ओल्या गोणपाटात बांधून उचलला आणि कुंडीत बसवला. जाताना म्हणाला, "काही वाटलं तर फोन करा." मी म्हटलं, "वाट बघा."

इथं सकाळी आठला घर रिकामं होतं. नात "बाय आजी" म्हणते तोवर दार लागलेलं असतं. मग लिफ्टचा आवाज, मग काहीच नाही. आणि शेजारणी म्हणाल तर मजल्यावरच्या तिन्ही दारांना दिवसभर कुलूप.

तिसऱ्या दिवशी फुलं गळली. पाचव्या दिवशी पानांनी माना टाकल्या. मी पाणी घातलं, आणखी घातलं. आठव्या दिवशी पान हातात कुरकुरलं.

जेवताना मुलगा म्हणाला, "आई, दुसरं आणू की. नर्सरीत ढिगानं मिळतात."

"बाप पण मिळतात का बघ."

त्यानं पुढचा घास घेतला.

सकाळी सगळे गेल्यावर माळ्याला फोन लावला. "गड्डा नीट बांधला नव्हता तुम्ही."

"वरचं तसंच ठेवलंय ना, काकू?"

मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात ते फारसं घडलेलं नाही.

"नखानं साल खरवडा," तो म्हणाला. "आत हिरवं दिसलं तर जीव आहे. तिथवर छाटा, पाणी कमी करा, आणि पंधरा दिवस बघायचं नाही."

बघायचं नाही म्हणे. मग मी दिवसभर बघायचं काय?

शेंडा खरवडला, तपकिरी. मधली फांदी, तपकिरी. मातीपासून वीतभर वर नख रुतलं आणि ओली हिरवी रेघ उमटली. मी स्वयंपाकघरातली कात्री आणली. कात्री चालेना तिथं सुरी घेतली. सगळं उतरवलं. फांद्यांचा भारा कचऱ्याच्या पिशवीत मावेना, तेव्हा त्यावर पाय देऊन दाबला.

रात्री नातीनं विचारलं, "आजी, कुंडीत काठी का खोचलीस?"

"तुझ्या आजोबांचं डाळिंब आहे ते."

"हो?" ती म्हणाली आणि मोबाइल घेऊन आत गेली.

मी गॅलरीतली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. अकराव्या दिवशी राहवेना. मान वळवून बघितलं, तर खोडाच्या बाजूला मोहरीएवढा तांबूस कोंब.

माळ्याला फोन केला. "पंधरा दिवस म्हणाला होतात. अकराव्यालाच फुटलं. तुम्हाला कशातलं काही कळत नाही."

"बरं झालं, काकू." मागं कुठंतरी कुदळ चालली होती. "ठेवू का? कामावर आहे."

"ठेवा. मी काय रिकामी बसलेय?"

खुर्ची पुन्हा कुंडीकडे वळवली. सकाळचे साडेदहा झाले होते. सगळे यायचे ते रात्री आठला.